त्रिप्राण यंत्राचे तीन चेंडू

"वर गेला! अहो, वर गेला!"

कुणीतरी ओरडलं आणि हॉलमधल्या मागच्या रांगा थेट खुर्च्यांवर उभ्या राहिल्या. पूर्वी इथे फर्निचरचं दुकान होतं. दुकान बुडालं, सोफे गेले, पण 'जुनं द्या, नवं न्या' अशी पाटी खांबावर तशीच लटकत राहिली. त्या पाटीखाली आता व्यासपीठ होतं, व्यासपीठावर टेबल, टेबलावर पॉलिश केलेली लाकडी चौकट, आणि चौकटीत काचेच्या तीन उभ्या नळ्या. प्रत्येक नळीच्या तळाशी एक छोटा चेंडू. लाल, पिवळा, निळा. चौकटीतून एक लवचिक पाइप बाहेर आला होता आणि तो एका हडकुळ्या म्हाताऱ्याच्या तोंडात होता.

लाल चेंडू नळीत वर जाऊन थरथरत होता. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि बाजूला पांढरा झगा, गुळगुळीत दाढी, कानाला माईक अशा थाटात श्वासमहाराज उभे होते.

"कुणामुळे गेला?" महाराजांनी विचारलं.

"महाराजांमुळे!" हॉल गरजला.

"नाही! श्रद्धेमुळे! मी कोण? मी तर साधा हमाल. प्राण पोचवतो आणि निघतो!"

या नम्रपणावर आणखी टाळ्या पडल्या. मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली बाई मात्र मनात म्हणाली, हमाल म्हणे! हमालाच्या बोटांत एवढ्या अंगठ्या बघितल्यात का कधी कुणी?

ही बाई म्हणजे बालवाडीची बाई. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे पोरांचे आईबापही तिला बाईच म्हणत आणि कधीकधी नवरासुद्धा. तिच्या एका बाजूला सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. दुसऱ्या बाजूला नवरा, ज्याला फरशीच्या कारखान्यात सगळे उस्ताद म्हणत. दगडाची लादी यंत्राच्या पात्याखाली अशी सरकवायचा की कडेवर बोट फिरवावं आणि खाच लागू नये. आता वर्ष होत आलं, पात्याला हात लागला नव्हता. टीबी झाला, औषधाचा पूर्ण कोर्स झाला, टीबी गेला. धाप मात्र राहिली.

महाराजांना असलीच माणसं हवी असायची.

"टीबी झाला, औषधं संपली, डॉक्टर म्हणाले बरे झालात, आणि तरीही धाप लागते. लागते की नाही? हात वर करा!" हातांचं रान उभं राहिलं. "बघा! रोग गेला, सावली राहिली! डॉक्टर म्हणतात, छातीत डाग आहे, तो जायचा नाही. अरे, शर्टाचा डाग जातो, भांड्याचा डाग जातो, मग देवाने दिलेल्या छातीचाच डाग का जाणार नाही?"

हा प्रश्न इतका बिनडोक होता की त्याला उत्तर सुचायच्या आत टाळ्या वाजून गेल्या.

मग नवा रोगी वर आला. महाराज म्हणाले, "या त्रिप्राण यंत्राला तुझा श्वास दे. सगळा दे! राखून ठेवू नकोस!" त्याने पाइप तोंडात धरून जिवाच्या आकांताने फुंकलं. मानेच्या शिरा टरारल्या, डोळे बाहेर आले, चेंडू मात्र ढिम्म. हॉल हळहळला. "तीन प्राण, तिन्ही निजलेले," महाराजांनी निकाल दिला. मग छातीवर पंजा ठेवला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, पाठीवर थाप मारली. "आता यंत्राकडून प्राण घे. हळूच घे, हळूच. तान्हं बाळ दूध पितं तसा." आणि लाल चेंडू टुणकन वर!

पहिल्या खेपेला लाल. पुढच्या खेपेला लाल आणि पिवळा. तिसऱ्या खेपेला तिन्ही. तिन्ही वर गेले की माणूस कोरा करकरीत. व्यासपीठाच्या पायरीशी एक मोठी वेताची टोपली ठेवलेली असे. पूर्ण बरा झालेला माणूस आपला औषधाचा पंप, म्हणजे ते तोंडात फवारा मारायचं यंत्र, त्या टोपलीत टाकून देत असे. टोपली काठोकाठ भरली होती. ज्या टोपलीपुढे लोक हात जोडत होते तिच्यात शेकडो लोकांचे श्वास पडले होते.

आज उस्तादची तिसरी खेप होती.

तो वर गेला. महाराज म्हणाले, "आता पोटातून घे, जोरात, एका झटक्यात!" आणि लाल, पिवळा, निळा, तिन्ही चेंडू नळ्यांच्या टोकाला भिडले. सासूबाई मोठ्याने रडायलाच लागल्या. उस्तादने खिशातून पंप काढला आणि टोपलीत टाकला. त्याने बायकोकडे पाहिलं, आणि त्या नजरेत इतका आनंद होता की क्षणभर बाईलाही वाटलं, देवा, हे खरंच असू दे.

"सोमवारी कामावर," खाली उतरून तो म्हणाला. "पात्यावर. मालकाला निरोप गेलाय."

आणि बाईच्या मनातलं ते 'खरंच असू दे' जागच्या जागी विझलं. कारण पात्यावर म्हणजे दगडाच्या धुळीत. आणि धुळीचं काय होतं, ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

कोर्स संपला तेव्हा ती दोघं छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. आधी उस्तादला एका काचेच्या खोलीत बसवून नाकाला चिमटा लावला होता आणि तिथला माणूस लग्नातल्या बँडवाल्यासारखा ओरडत होता, "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" मग बोटाला चिमटा लावून लांबलचक व्हरांड्यात दोन खुर्च्यांच्या मध्ये येरझारा घालायला लावल्या. वजन केलं. एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला. डॉक्टरीणबाई मोजकं बोलणारी बाई. एकेक गोष्ट बोटाने दाखवत गेली.

"टीबी गेलाय. थुंकी पुन्हा तपासली, जंतू नाहीत. ते डोक्यातून काढून टाका. पण आग विझली म्हणून जळालेलं घर आपोआप उभं राहत नाही. हा डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग, आक्रसून गेलाय. ही पोकळी. उजवीकडे थोडे व्रण. तुमच्या वयाच्या, उंचीच्या माणसाने जेवढी हवा फुंकायला हवी, त्याच्या निम्मी येतेय. चालताना ऑक्सिजन उतरतो, पण बसलात की लवकर सावरतो. ही चांगली गोष्ट आहे."

"भरून येईल ना हे?" उस्तादने विचारलं होतं.

"गेलं ते येणार नाही. उरलंय ते टिकवायचं."

"मग किती वर्षं?"

"एका फोटोवरून वर्षं सांगणारा कुणी भेटला तर त्याच्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नका. काही महिन्यांनी पुन्हा फुंकायचं, पुन्हा चालायचं, पुन्हा वजन करायचं. आकडे जिथे आहेत तिथे राहिले, तर तुम्ही म्हातारे होऊन बायकोशी भांडत बसाल. उतरत गेले, तर आम्हाला लवकर कळलेलं बरं. आणि ते कशाने उतरतात, ते बरंचसं तुमच्या हातात आहे. पंप चुकवायचा नाही. व्यायाम चुकवायचा नाही. विडी नाही, चुलीचा धूर नाही. ताप आला, बेडका वाढला, तर घरी बसून वाट बघायची नाही. रक्त पडलं तर त्याच दिवशी इथे. आणि दगडाची धूळ बंद. ती उरलेलं फुप्फुसही खाते, आणि टीबीला पुन्हा दार उघडून देते."

"बंद म्हणजे? किती दिवस?"

"कायमची."

बाकी सगळं उस्तादने मान डोलावून ऐकलं होतं. कायमची म्हटल्यावर त्याने मान खाली घातली, ती घरी येईपर्यंत वर केली नाही. निघताना डॉक्टरीणबाईने प्लास्टिकचं एक छोटं यंत्र दिलं होतं, व्यायामासाठी. शिकवणारा मुलगा घाईत होता, त्याने दोनदा करून दाखवलं आणि पुढच्या रोग्याकडे गेला. "यावर छातीची परीक्षा करत बसू नका," डॉक्टरीणबाईने बजावलं होतं, "हे व्यायामाचं खेळणं आहे, मोजमाप नाही." घरी आल्यावर ते खेळणं पिशवीसकट कपाटावर गेलं, आणि तिथेच राहिलं. कारण डॉक्टरीणबाईने त्याला 'कायमची' हा शब्द दिला होता आणि महाराजांनी तीन खेपा. माणूस कुठे जाणार, सांगा!

हॉलमधून घरी येताना जिना लागला. घर तिसऱ्या मजल्यावर. सासूबाई पुढे, अंगात नवं बळ आल्यासारख्या. उस्ताद शीळ घालायचा प्रयत्न करत दुसरा. पहिल्या वळणावर तो थांबला आणि वाकून चपलेचा पट्टा नीट करायला लागला.

"पट्टा तुटलाय का?" बाईने विचारलं.

"सैल झालाय."

दुसऱ्या वळणावर दुसऱ्या पायाचा पट्टा सैल झाला. बाईला त्याच्या पाठीची भात्यासारखी चाललेली हालचाल दिसत होती. तिने विचारलं ते घरात गेल्यावर.

"अहो, एक विचारू? तिन्ही चेंडू वर गेले ना? मग धाप का लागतेय?"

"सवय नाही राहिली चढायची."

"रोज चढता की!"

"आता तू नाट लावू नकोस!" तो ओरडला, आणि ओरडण्यानेच खोकल्याची उबळ आली. सासूबाई धावत पाणी घेऊन आल्या. "तुला बघवतच नाही का गं त्याचं चांगलं झालेलं? माझ्या डोळ्यांनी बघितले मी चेंडू वर जाताना. डोळ्यांनी! ते काय खोटं?"

"खोटं नाही, सासूबाई. चेंडू वर गेले, ते मीही बघितले. का गेले, तेवढं बघायचंय."

"तुम्ही शिकलेल्या बायका म्हणजे ना!" म्हणून सासूबाईंनी तोंड फिरवलं. उस्ताद खिडकीशी जाऊन बसला. उबळ शांत झाल्यावर बाहेर बघतच म्हणाला, "मला ते येतं गं. तेवढंच येतं. बाकी मी कशाचा उस्ताद?"

बाईला त्याचा राग आला होता आणि त्याच्याबद्दल मायाही, दोन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बालवाडीत सरबताचा वार होता. प्रत्येक पोराला पेला आणि प्रत्येकाला वेगळी नळी, कारण एकाची नळी दुसऱ्याच्या तोंडात गेलेली बाईला अजिबात खपत नसे. सगळी पोरं सुरसुर करून पीत होती. गब्दुल नावाने ओळखला जाणारा एक पोरगा मात्र नळीतून फुंकर मारत होता आणि पेल्यात बुडबुडे उठत होते. सरबत टेबलावर, शर्टावर, शेजारणीच्या वेणीवर.

"अरे, फुंकू नकोस, ओढ!" बाई नेहमीच्या आवाजात ओरडली. "हजारदा सांगितलं, फुंकलं की खाली जातं, ओढलं की वर येतं!"

आणि मग तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

फुंकलं की खाली. ओढलं की वर.

यंत्राला श्वास दे. यंत्राकडून प्राण घे.

"अगं बाई गं!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की गब्दुलने घाबरून नळी खाली टाकली. बाईने त्याला उचलून त्याचा चिकट गाल कुस्करला. पोराला काही कळलं नाही, पण दुसरा पेला मिळाला तेव्हा त्याने तक्रार केली नाही.

घरी येऊन तिने पहिल्यांदा स्टुलावर चढून कपाटावरची पिशवी काढली. धूळ झटकली. आत प्लास्टिकचं स्वस्तातलं, पण तेच! तीन नळ्या, तीन चेंडू, एक पाइप. तिने पाइप तोंडाला लावला आणि आपल्या धडधाकट छातीने जोर लावून फुंकलं. चेंडू ढिम्म. मग ओढलं. हळू ओढलं तर एक वर. जरा जोरात, तर दोन. एका झटक्यात, तर तिन्ही. पहिली खेप, दुसरी खेप, तिसरी खेप! महाराजांची सगळी सिद्धी तिच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभी होती. यंत्र मुळात ओढण्यासाठीच बनवलेलं. त्यात भीमाने फुंकलं तरी चेंडू हलायचा नाही, आणि अर्ध्या छातीच्या माणसाने झटका देऊन ओढलं तरी वर उडायचाच.

तिने नवऱ्याला बोलावून करून दाखवलं. तो बघत राहिला. मग म्हणाला, "हे हॉस्पिटलचं आहे. महाराजांचं सिद्ध केलेलं."

"आत चेंडूच आहेत ना?"

"तुला नाही कळायचं," तो म्हणाला. पण त्याने यंत्राला हात लावला नाही, करून बघितलं नाही, आणि बाईला कळलं की तो घाबरलाय. आशा हातची जाईल म्हणून घाबरलाय.

"ठीक आहे," ती म्हणाली. "उद्या रविवार. महाराजांच्या यंत्रावरच बघू. तिथेही माझं खोटं ठरलं तर सोमवारी मी स्वतः तुमचा डबा भरून देईन."

रविवारी हॉल तुडुंब भरला होता. बाईने नाव नोंदवलं, छातीवर हात ठेवून थोडी खोकली, आणि रांगेतून वर गेली. माईक धरणारा महाराजांचा शिष्य, अंगाने आडदांड पैलवान, तिला टेबलापाशी घेऊन गेला. पाइपच्या तोंडावर आधीच्या माणसाची थुंकी चमकत होती. एवढ्या खोकणाऱ्या माणसांना एकच पाइप! बाईने घरच्या यंत्राचा पाइप पिशवीतून काढला आणि चौकटीला लावला. मापात बसला. बसणारच, बाजारात सगळे एकाच मापाचे!

"माऊली," महाराज मधाळ आवाजात म्हणाले, "यंत्राला तुझा श्वास दे."

बाईने पाइप तोंडात धरला आणि श्वास आत ओढला.

लाल, पिवळा, निळा. तिन्ही एकदम वर!

हॉल बुचकळ्यात पडला. पंजा नाही, मंत्र नाही, थाप नाही, आणि चेंडू वर! महाराज क्षणभर गडबडले, पण मुरलेला माणूस. "पाहा, ही माऊली निरोगी आहे! हिला रोगच नाही!"

"बरोबर बोललात महाराज," बाई म्हणाली. तिने हात पुढे करून शिष्याच्या हातातला माईक घेतला. पोरांना ओळीत उभं करायचा सराव असलेल्या बाईला माईक काढून घेणं अवघड नसतं. "सगळ्यांनी ऐकलंत? मी निरोगी आहे. महाराजांचाच शब्द आहे. आता ही निरोगी बाई फुंकते."

तिने फुंकलं. गाल फुगले, चेहरा लाल झाला. चेंडू ढिम्म.

"आता सांगा महाराज! एवढ्यात मला टीबी झाला की काय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांचा आवाज चढला. "नास्तिकाच्या मुखाने यंत्र बाटतं! हिला खाली उतरवा!"

"उतरते. पण माझं तोंड नास्तिक आहे ना? मग तुम्ही फुंका. तुमच्याएवढा सिद्ध माणूस इथे दुसरा कोण?"

"मी माझ्या सिद्धीचं प्रदर्शन करत नाही!"

"अहो, तीन महिने दुसरं काय करताय?"

आता हसू उघड झालं. आणि तेवढ्यात जे घडलं ते कुणाच्याच मनात नव्हतं. तो आडदांड शिष्य पुढे झाला. त्याच्या डोळ्यांत खरा राग होता. त्याची खरोखर श्रद्धा होती बिचाऱ्याची, गुरूचा अपमान त्याला सहन होईना. "महाराजांनी कशाला? मी फुंकतो!" म्हणत त्याने चौकटीचा मूळचा पाइप लावला, पोटापासून श्वास भरला आणि असा फुंकला की पाइप थरथरला.

चेंडू ढिम्म.

त्याने पुन्हा फुंकलं. कपाळावर घाम आला. तो चेंडूंकडे बघत राहिला, मग महाराजांकडे. "महाराज," तो हळूच म्हणाला, पण महाराजांच्या कानाला माईक होता, म्हणून सगळ्या हॉलने ऐकलं, "मला तर कधी काही झालंच नाही."

बाईने मग सगळं साध्या शब्दांत सांगितलं. "मंडळी, हे यंत्र फुंकायचं नाहीच, ओढायचं आहे. हॉस्पिटलात व्यायामाला देतात. आधी तुम्हाला श्वास द्यायला सांगतात, म्हणजे फुंकायला. चेंडू हलत नाही, तुम्ही घाबरता. मग प्राण घ्यायला सांगतात, म्हणजे ओढायला; चेंडू उडतो, तुम्ही रडता. हळू ओढलं की एक, जोरात ओढलं की तीन. म्हणून तीन खेपा! मधला पंजा आणि मंत्र नुसती भर आहे. विश्वास ठेवू नका माझ्यावर! एकेकाने या, स्वतःच्या रुमालाने पुसून घ्या, फुंका आणि ओढा."

तिसऱ्या रांगेतले एक आजोबा उठून म्हणाले, "मला शंका आली होती हो. पण सगळे टाळ्या वाजवत होते, म्हटलं माझंच चुकत असेल."

"आजोबा, तेव्हाच बोलायला हवं होतं," बाई म्हणाली, "पण चला, आज बोललात."

मग तिला उस्ताद दिसला. तो माणसांतून वाट काढत वर येत होता. सासूबाई त्याचा शर्ट धरून मागे ओढत होत्या, त्याने अलगद हात सोडवला. दोन पायऱ्या चढून तो थांबला, धाप आवरली आणि टेबलापाशी आला. बाईने आपला पाइप त्याच्या हातात दिला. तिला आता स्वतःचीच भीती वाटत होती. तिने हे सगळं याच्यासाठी केलं होतं आणि याच्याच तोंडावर जगासमोर सांगत होती की तू बरा झालेला नाहीस.

उस्तादने फुंकलं. ढिम्म. ओढलं. तिन्ही वर. पुन्हा फुंकलं, पुन्हा ओढलं. दगडाची कड तपासावी तसं शांतपणे, तीनचार वेळा करून बघितलं. मग पाइप खाली ठेवला. महाराजांकडे वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघून महाराज दोन पावलं मागे सरकले.

"मारत नाही तुम्हाला," उस्ताद म्हणाला. "तेवढा दम नाही माझ्यात. म्हणूनच आलो होतो ना तुमच्याकडे!" त्याने श्वास घेतला. "उद्या मी पात्यावर जाणार होतो. धुळीत. तुमच्या चेंडूंवर भरवसा ठेवून. माझी अर्धी छाती टीबीने खाल्ली, उरलेली तुम्ही खायला निघाला होतात. ती नाही देणार मी. तुम्हाला नाही, मालकाला नाही, कुणालाच नाही!"

महाराज काहीतरी बोलणार होते, पण शिष्याने त्यांच्या कानामागचा माईक काढून घेतला होता, त्यामुळे नुसते ओठ हलले. मग ते मागच्या दाराने, जिथून पूर्वी सोफे आत यायचे, तिथून बाहेर पडले. बाहेर काही लोकांनी त्यांना अडवलं आणि पोलिसांना फोन केला, पण ती गोष्ट वेगळी.

हॉलमधली खरी गर्दी आता टोपलीभोवती होती. ज्यांच्यापुढे सकाळपर्यंत हात जोडले जात होते ते पंप उपसून माणसं आपापला शोधत होती. "हा माझा का हो?" "निळं झाकण कुणाचं?" बाई पुन्हा माईकवर ओरडली, "दुसऱ्याचा पंप तोंडाला लावू नका! आपला ओळखू आला नाही तर नवा घ्या, दवाखान्यात जा!" उस्ताद टोपलीत वाकला आणि थोड्या वेळाने एक पंप घेऊन उठला. त्यावर त्यानेच खिळ्याच्या टोकाने एक बारीक सरळ रेघ कोरलेली होती. खाच नसलेली.

त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. "मला चेंडू दिसले म्हणून खरं वाटलं गं," एवढंच म्हणाल्या. बाईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, कारण दिसलेलं खरं वाटणं हा काही गुन्हा नाही. का दिसलं हे न विचारणं घातक आहे.

सोमवारी उस्ताद कारखान्यात गेला, पण दारापर्यंतच. मालकाला म्हणाला, पात्यावर आता कधीच नाही. धूळ न येणाऱ्या बंद खोलीत बसून मापं आखायचं काम असेल तर करीन. मालक म्हणाला, बघतो. आजवर बघतोच आहे. तोवर उस्ताद बालवाडीच्या अंगणात पोरांसाठी लाकडी ठोकळे आखतो, कापायचं काम दुसरा करतो, आणि ठोकळे एकमेकांवर इतके अचूक बसतात की गब्दुलसुद्धा पाडायच्या आधी क्षणभर थांबतो. काही महिन्यांनी दवाखान्यातल्या काचेच्या खोलीत पुन्हा फुंकून आला. डॉक्टरीणबाई म्हणाली, आकडे होते तिथेच आहेत. घरी येऊन त्याने ते असं सांगितलं जसं दुसरा कुणी लॉटरी लागल्याचं सांगेल.

त्या दिवशी जिना चढताना तो पहिल्या वळणावर थांबला. बाईने सवयीने त्याच्या चपलेकडे पाहिलं. पण तो वाकला नाही. कठड्याला हात टेकून सरळ उभा राहिला आणि वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "थांब जरा. दम लागलाय मला!"

मंडळी, टीबी बरा होतो, पूर्ण बरा होतो. मागे राहिलेली इजा मात्र मोजावी लागते, आणि ती मोजायची जागा हॉल नाही, दवाखाना आहे. डॉक्टर सांगतील ते कधी कडू असेल, पण ते तपासून सांगितलेलं असेल, आणि तुम्हालाही पुन्हा तपासता येईल. उद्या कुणी तुमच्यापुढे चेंडू उडवला, दिवा पेटवला, पाणी उकळवलं, तर हात जोडू नका. पुढे व्हा, त्याच्या हातातली नळी आपल्या हातात घ्या, आणि एकदा उलटं करून बघा.